शाळेत सांगितलेलं वय

कौसाबाईच्या वर्षश्राद्धाची शेवटची पंगत उठली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. सकाळी पानाला कावळा लगेच शिवला, तेव्हा बनूबाई भावाला म्हणाली होती, "बघ भाऊ, वहिनीचा जीव कशात अडकला नव्हता." दौलतरावांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. कौसाचा जीव एका गोष्टीत अडकलेला असणार, याची त्यांना खात्री होती. वेणूच्या परीक्षेत.

बदलापूर गावात बी. ए. झालेली वेणू ही पहिलीच मुलगी. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. मामलेदाराच्या जागेसाठी सरकार परीक्षा घेतं, ती द्यायची म्हणून दोन वर्षं अभ्यासाला बसली होती. राज्यघटना, जमीन महसूल, ग्रामपंचायती, अंदाजपत्रक. कोणत्या खात्याने काय करायचं आणि नाही केलं तर दाद कोणाकडे मागायची, असा सगळा तो अभ्यास. कौसाला अक्षरओळख नव्हती. तरी रोज सकाळी तांदूळ निवडताना ती लेकीला समोर बसवायची आणि म्हणायची, "सांग, काल काय वाचलंस." वेणू सांगायची. सगळं ऐकून घेतल्यावर कौसा एकच विचारायची, "बरं, मग खरवईच्या एखाद्या म्हातारीला हे पाहिजे असलं तर तिने कोणाच्या दारात जायचं?" पुष्कळदा वेणूला उत्तर यायचं नाही. मग ती पुस्तक उचलून उल्हासनगरला तोलाराम साईंकडे जायची आणि उत्तर घेऊनच परतायची.

कौसा गेली. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि वेणू पुस्तक उघडून नुसती बसून राहू लागली. तिसऱ्या दिवशी दौलतराव सुपात तांदूळ घेऊन तिच्यासमोर येऊन बसले. त्यांना निवडता येत नव्हतं, खड्यांबरोबर तांदूळही फेकले जात होते. पण ते म्हणाले, "सांग, काल काय वाचलंस." त्यानंतर वर्षभरात हा क्रम एक दिवससुद्धा चुकला नाही. चार यत्ता शिकलेला हा माणूस आता चावडीवर बसून राष्ट्रपती काय करतो आणि राज्यपाल काय करतो, ते लोकांना समजावून सांगायचा. लोक हसायचे आणि ऐकायचेही.

त्या दिवशी पाहुणे ओटीवर आडवे होत होते, तेवढ्यात तोलाराम साईं दारात येऊन उभे राहिले. फाळणीआधी ते सिंधमध्ये मुख्तियारकार होते. आपल्याकडे मामलेदार, तसा तिकडे मुख्तियारकार. आता उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातल्या बराकीत एका खोलीत राहत, निर्वासितांचे अर्ज लिहून देत आणि वेणूला शिकवत. सत्तरीचा माणूस स्टेशनपासून उन्हातून चालत आला होता. त्यांच्या हातात घडी केलेला कागद होता.

"दौलतराव, माफ करना. आज आनेका दिन नाही, मला मालूम आहे," ते म्हणाले. "पण शनिवारी फॉर्म गेला पाहिजे. परीक्षेची जाहिरात निघाली."

वेणू आतून धावत आली. हात पिठाचे होते. "निघाली?"

"निघाली, बेटी. पण पिछले साल उमर पच्चीस होती. या साली चोवीस केली. एक ऑगस्टला चोवीसच्या वर नको."

वेणूने कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा वाचला. "माझा जन्म एक जून बत्तीसचा," ती म्हणाली. "एक ऑगस्टला चोवीस वर्षं दोन महिने होतात." ती बापाकडे बघून हसल्यासारखं करू लागली, पण तिला ते जमलं नाही. "दोन महिने, नाना."

ओटीवरून बनूबाई पुढे झाली. ती अंबरनाथला दिलेली. नवरा तिथल्या कारखान्यात, आणि त्याच कारखान्यातल्या एका फोरमनचं स्थळ ती सहा महिने वेणूसाठी घेऊन बसली होती.

"हे बघ पोरी," ती म्हणाली, "झालं ते बऱ्यासाठीच झालं. एवढं वाचलंस, वाया नाय जात. पण फोरमनच्या घरचे आता थांबायचे नाहीत. चोवीस ऐकून आधीच नाक मुरडलं त्यांनी."

"बनू, आजच्या दिवशी नको," महिपती म्हणाले. महिपती हे थोरले भाऊ, गावचे पोलीस पाटील. "पण दौलत, मी तरी काय सांगू? मामलेदार व्हायचं म्हणते, पण कोणत्या राज्याची? मुंबई कोणाला द्यायची ते अजून दिल्लीलाच ठरत नाय. उगाच पोरीने डोळे फोडून घेतले."

दौलतराव खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "ती तारीख खोटी आहे."

"कोणती?"

"एक जून बत्तीस. वेणूची. शाळेतली."

मग त्यांनी सांगितलं. एकोणचाळीस सालच्या जूनमध्ये महिपतींच्या भगवंताला शाळेत घातलं. तो सात वर्षांचा. वेणू तेव्हा साडेपाचची. कौसा म्हणाली, हिलाही घाला. शाळेच्या वाटेवर ओढा आहे, ही एकटी जाणार नाही, आणि भगवंत पुढे निघून गेला की हिचं शिकणं राहिलंच. शाळेत सातच्या खाली घेत नव्हते. म्हणून दौलतरावांनी मास्तरांना सात सांगितलं. मास्तरांनी सात वर्षं मागे मोजली आणि सगळ्यांची लिहीत तशी जूनची पहिली तारीख लिहिली.

"खरंच की," महिपती म्हणाले. "आमचा भगवंता हिच्याहून चांगला दीड वर्षाने मोठा. माझ्या डोक्यातच आलं नाय."

"मास्तर म्हणाले होते, फारच बारीक आहे हो," दौलतराव म्हणाले. "मी म्हटलं, खात नाही."

वेणू उंबऱ्यावर बसली. "मग मी बावीसची?"

"पौषात बावीस झाली तुला."

बनूबाईचा चेहरा एकदम पालटला. "बावीस? अरे देवा! आणि मी सहा महिने त्या फोरमनच्या आईपुढे चोवीस चोवीस करतेय! भाऊ, तुला बोलायला काय झालं होतं? कागद कर रे बाबा हिचा. बावीसचा पक्का कागद कर. मी स्वतः घेऊन जाते अंबरनाथला."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत्या आपल्या बाजूला आलेली बघून वेणूला हसू फुटलं. तोलाराम साईंनीही मिशीतून हसून घेतलं. पण महिपती विचारात पडले होते. गावच्या जन्ममृत्यूची वही पोलीस पाटील म्हणून त्यांच्याच घरी असायची.

"हिचा जन्म माझ्या वहीत नाय," ते सावकाश म्हणाले. "कौसा बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्या जंगलात. तिकडे कोण लिहितोय? पण दौलत, चौतीस सालच्या वहीत एका पानाच्या तळाला एक ओळ कोरी आहे. मला ठाऊक आहे. जुनी शाई पण आहे घरात. पोर जन्मली हे खरं, पौषात जन्मली हे पण खरं. खरं ते लिहायला काय हरकत?"

सगळ्यांना ते एकदम सोपं वाटलं. दौलतरावांनाही वाटलं. ते "दादा..." म्हणून काही बोलणार होते, पण तोलाराम साईंकडे त्यांचं लक्ष गेलं. साईं कोणाकडेच बघत नव्हते, फक्त वेणूकडे. शिकवणारा माणूस फळ्यावर गणित घालून मागे सरकून उभा राहतो, तसे ते बसले होते.

वेणू म्हणाली, "आबा, तुमच्या वहीत मागाहून घातलेली एक तरी ओळ आहे का?"

"माझ्या वहीत?" महिपती ताठ बसले. "अगं, सव्वीस वर्षं लिहितोय. एक खाडाखोड दाखव. कल्याणचे साहेब येतात ते माझीच वही इतर पाटलांना दाखवतात."

"म्हणूनच विचारलं. कातरपच्या एखाद्या विधवेला नवऱ्याच्या मरणाचा दाखला पाहिजे असला की तुमची वही बघतात आणि पुढे काही विचारत नाहीत. माझ्यासाठी एक ओळ घातलीत तर ती ओळ खरीच असेल. पण वही खोटी होईल. मग तिचा दाखलासुद्धा खोट्या वहीतला. आणि आबा, उद्या मी त्या खुर्चीवर बसले आणि कोणी अशीच वही माझ्यापुढे आणली, तर मी काय तोंडाने विचारू?"

महिपतींना राग आला. सव्वीस वर्षांत कोणी त्यांना वहीबद्दल शिकवलं नव्हतं. ते उठले, अंगणात जाऊन चूळ भरून आले, आणि परत बसताना भावाला म्हणाले, "काय रे, मी हिच्या भल्याचं बोललो आणि हिने मलाच माझी वही शिकवली."

"मला रोजच शिकवते," दौलतराव म्हणाले. ते लेकीकडे बघत होते. तिचं नाक आईचं, बोलण्याची तऱ्हाही आईची, पण हे जे आत्ता बोलली, ते तिचं स्वतःचं होतं. कौसाने ऐकायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. वर्षभरात दिवसातून दहादा त्यांना असंच वाटत आलं होतं.

मग तोलाराम साईं बोलले. "पाटीलसाहेब, हमारे कॅम्पात किसके पास जनम का कागज होता? घर सोडलं, पेटी सोडली, कागज कोण आणणार? माझी स्वतःची उमर, माझी शादी, माझी नोकरी, सगळं मी मॅजिस्ट्रेटसमोर कसम खाऊन लिहून दिलं. माझ्यासारखे हजारो. वो पूरा उल्हासनगर कसम पे खडा है." त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. बापाचं प्रतिज्ञापत्र लागेल. जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाची साक्ष लागेल. ते दोन्ही फॉर्मला जोडले की परीक्षा घेणारा आयोग बघेल. "पण दौलतराव, एक बात. शाळेत खोटी उमर कोणी सांगितली आणि का सांगितली, ते साफ लिहावं लागेल. ते लपवलं तर साहेब मानणार नाही."

जन्माच्या वेळी हजर असलेली बाई मागच्या पडवीतच बसली होती. आवडी, डोंगराकडच्या ठाकरवाडीची सुईण. कौसाच्या माहेरची, म्हणून जेवायला आलेली. वेणूने जाऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "येईन की. या हातावर झालीस तू. पण शपथ कोणाची घालतात? पोलिसाची नाय ना? पोलिसाची मी घेत नाय."

"देवाची, आवडीमाय."

"मग ठीक हाय. देवाशी माझं भांडण नाय."

इकडे ओटीवर महिपतींना नवीनच काळजी लागली होती. तीही खरी होती. गावात बांधाचा तंटा झाला की लोक दौलतरावांना साक्षीला न्यायचे. बांध कुठून कुठे जातो, कोणाच्या बापाने कुठे दगड रोवला, हे दौलतरावांनी सांगितलं की मामलेदारही फार विचारत नसे. आणि पुढच्याच महिन्यात कातरपच्या जनूच्या दाव्यात त्यांची साक्ष होती.

"तू लिहून देणार की मी सरकारी शाळेत खोटं बोललो," महिपती म्हणाले. "ते गावभर होणार. जनूच्या समोरचा वकील ते कागद काढून विचारणार, तेव्हा खोटं बोललात, आता कशावरून खरं? काय सांगशील? वीस वर्षं कमावलेला शब्द आहे तुझा. या घरात माझी वही आणि तुझा शब्द, एवढंच आहे."



बनूबाई जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, तू खोटं बोललास असं कशाला लिहायचं? वहिनीनेच तर सांगितलं होतं ना, सात सांगा म्हणून? मग तसंच लिही. बायकोने चुकीचं वय सांगितलं, मी तेच मास्तरांना बोललो. खोटं नाय त्यात काही. आणि वहिनीला आता कोण विचारायला जातंय?"

महिपतींनी मान डोलावली. "हे बरं आहे. बायामाणसांना साल आठवत नाय, साहेबाला पण पटेल."

तोलाराम साईंनी मान खाली घातली. वेणूच्या डोळ्यांत पाणी आलं. दौलतराव तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "नाना, खरं काय झालं ते तुम्हालाच माहीत. काय लिहायचं ते मी सांगणार नाही." आणि ती उठून आत गेली.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर दौलतराव मागच्या अंगणात फेऱ्या घालत राहिले. खरं काय झालं होतं? सकाळी कौसाने वेणूला न्हाऊ घातलं, उंच दिसावी म्हणून केस डोक्यावर घट्ट बांधले, पायघोळ परकर नेसवला. "सातची दिसतेय की नाही?" तिने विचारलं. दौलतराव म्हणाले, "पाचचीच दिसतेय." कौसा हसली आणि म्हणाली, "मग तुम्ही जरा जोरात सांगा." आणि त्यांनी जोरात सांगितलं. म्हणजे बनू म्हणते ते खोटं नव्हतं. पण कौसाने ते का सांगितलं, ते कागदात येणार नव्हतं. कागदात एवढंच राहणार होतं, की एका अडाणी बाईने लेकीचं वय चुकवलं. आणि तो कागद आयोगाच्या दप्तरात वेणूच्या नावाखाली कायमचा राहिला असता. एकदा त्यांना वाटलं, तसंच लिहावं. जनूची साक्ष आहे, दादाची अब्रू आहे. कौसाला विचारलं असतं तर तीच म्हणाली असती, घाला माझ्यावर. तिने तसं म्हटलं असतं याची त्यांना खात्री होती, आणि म्हणूनच त्यांना ते करवेना.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी ते, वेणू, आवडी आणि तोलाराम साईं कॅम्पातल्या कचेरीत गेले. मॅजिस्ट्रेट तरुण होते, चष्मा लावलेले, बोलायला शांत. तोलाराम साईंना ते ओळखत होते. त्यांनी आधी आवडीला बोलावलं.

"ही मुलगी तुझ्यासमोर जन्मली?"

"माझ्या हातावर. कौसाला ताप भरला, तर आठ दिवस मीच अंगावर पाजली. माझा देऊ पण तेव्हाचाच, पंधरा दिवसांनी मोठा."

"कोणतं साल?"

"साल नाय माहीत, साहेब. अकरा नंबर कूप माहीत हाय."

मॅजिस्ट्रेटनी तोलाराम साईंकडे बघितलं. वेणूने समजावून सांगितलं. जंगलखातं दर हिवाळ्यात जंगलाचा एक तुकडा तोडायला काढतं, त्याला कूप म्हणतात. प्रत्येक कुपाला ओळीने पुढचा नंबर असतो आणि ठाकरवाडीची माणसं दर साली त्यावर कामाला जातात.

"हिच्या टायमाला आमची माणसं अकरा नंबरात होती," आवडी म्हणाली. "या हिवाळ्यात तेहतीस नंबर तोडला."

मॅजिस्ट्रेटनी कागदाच्या कडेला वजाबाकी केली. "मधलं एखादं वर्ष कूप पडलंच नसेल."

"नाय पडलं तर त्या साली आम्ही खाल्लं काय?" आवडीने विचारलं.

मॅजिस्ट्रेट हसले नाहीत, पण त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "अकरा नंबर कोणत्या हिवाळ्यात तोडला, त्याचा जंगलखात्याचा दाखला मिळेल?"

"मिलेगा, साहब," तोलाराम साईं म्हणाले. "जंगलवाले झाड भूलते, नंबर नाही भूलते."

मग दौलतराव पुढे आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली, मग पुन्हा डोक्यावर घातली.

"शाळेत मुलीचं वय सात कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं."

"ते खोटं आहे, हे तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, साहेब."

लेखणी थांबली. मॅजिस्ट्रेट समोरच्या माणसाला वाट काढून द्यायला बघत होते, हे दौलतरावांना कळलं. "दौलतराव, खेड्यात मुलांची वयं बायकांच्या लक्षात असतात. घरातून कोणी सुचवलं होतं का? तुमच्या पत्नीने वगैरे?"

वेणू खाली बघत होती.

"साहेब," दौलतराव म्हणाले, "राज्यपालाला मंत्र्यांनी काय सल्ला दिला, ते कोर्टाला विचारता येत नाही. राज्यपालाने जे केलं ते त्याच्या नावावर. असं आमच्या हिच्या पुस्तकात आहे."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा वर केला. मग वेणूकडे बघून विचारलं, "कितवं कलम?"

"एकशे त्रेसष्ट. पोटकलम तीन," वेणू म्हणाली.

"बरोबर." मॅजिस्ट्रेट म्हणाले. "पण दौलतराव, तो नियम मंत्र्यांसाठी आहे. नवऱ्यांसाठी नाही."

"मंत्री पाच वर्षांनी बदलतात, साहेब. मला एकच होती."

मॅजिस्ट्रेटनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. सदर वय खोटे असल्याचे मला माहीत असताना मी ते स्वतःच्या जबाबदारीवर सांगितले." दौलतरावांनी सही केली. अक्षर मोठं आणि वाकडं होतं, पण एकाही अक्षराला काट नव्हती.

दुपारच्या गाडीने वेणू बदलापूरला जाऊन जंगलखात्याचा दाखला घेऊन कॅम्पात परत आली. अकरा नंबर कूप, हिवाळा तेहतीस-चौतीस. शनिवारी सकाळी तोलाराम साईंनी सगळे कागद एका लखोट्यात घातले आणि स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केले. पावती त्यांनी वेणूच्या हातात दिली आणि म्हणाले, "दो साल मैंने तुला कायदा शिकवला, बेटी. कल तुझ्या बापाने मला शिकवला."

आयोगाचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. वय ग्राह्य धरलं होतं आणि परीक्षेचा नंबर दिला होता. महिपतींनी ते पत्र चावडीवर नेऊन मोठ्याने वाचलं, दोनदा. बनूबाईने अंबरनाथहून निरोप पाठवला, की फोरमनची आई बावीस ऐकून खूश आहे, परीक्षा होईपर्यंत थांबायला तयार आहे, आणि सून मामलेदार झाली तर पदर घ्यायचा की नाही असं विचारते आहे. वेणूने उलट निरोप दिला, की सासूने घ्यावा.

त्याच संध्याकाळी कातरपचा जनू आला. ओटीवर टेकला, चहा घेतला, भाताच्या राबाचं बोलला, गुरांचं बोलला. दौलतरावांनी त्याला घाई केली नाही.

शेवटी जनू म्हणाला, "दौलतराव, रागवू नका. वकील बोलला, साक्षीदार दुसरा बघ. समोरच्यांनी तुमच्या त्या कागदाची नक्कल काढली."

"बरोबर बोलला."

"मला तुमचा शब्द पुरे हाय. पण जमिनीचा तुकडा एकच हाय माझा."

"जनू, अरे, तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. महिपतीदादांना ने. दगड रोवला तेव्हा तेही होते तिथे."

जनू उठला आणि हात जोडून गेला. दौलतराव तो वळणाआड होईपर्यंत बघत राहिले. मागे दारात वेणू उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"नाना, वाईट वाटलं?"

"वाटलं. वीस वर्षं लोक बोलवायला यायचे. आता येणार नाहीत."

"माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी नाही. मी जे बोललो होतो ते माझंच होतं." त्यांनी तिला बाजूला बसायला सांगितलं. "ऐक आता. तू त्या खुर्चीवर बसशील. बसशीलच. कधीतरी माझ्यासारखा कोणी तुझ्यापुढे येईल. पिकलेले केस, धुतलेलं धोतर, गावात मान. त्याला बघून लगेच मान हलवू नकोस. त्याला दोनदा विचार."

"आणि त्याला रडू आलं तर?"



"पाणी दे," दौलतराव म्हणाले. "आणि तिसऱ्यांदा विचार."